ब्लेडचा कंगवा आणि बाबा

बाबांचं ऑपरेशन नीट पार पडलं, ते आज ठणठणीत आहेत आणि सोसायटीतल्या लोकांशी पार्किंगवरून भांडतात, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कुणी रुमाल घेऊन वाचायला बसू नये.

त्या वेळी ते वर्षभर माझ्याशी बोलत नव्हते. मी जर्मनीत इंगोलश्टाटला, गाड्यांच्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर आहे. इथे बरीच वर्षं काढली, घर घेतलं, तेव्हा नागरिकत्वही घेतलं. त्यासाठी भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. मी हे बाबांना फोनवर सांगितलं. "देश विकलास," ते म्हणाले. मग अगदी शांतपणे, "आता माझ्यामागे तू यायचं नाहीस. अग्नी धाकटा देईल." मी थोरला. "बरं," एवढंच म्हणून मी फोन ठेवला. त्यानंतर मीही फोन केला नाही. अडलंय माझं खेटर, म्हणालो.

आणि मग धाकट्याचा फोन आला. बायपास करायची होती, सोमवारी. "रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावतो," तो म्हणाला. "ते बोलतीलच असं नाही. मी फोन समोर धरतो. पण दादा, तू भांडू नकोस."

मला भांडायचं नव्हतं. मला त्यांच्याकडून एक वाक्य हवं होतं. कसलंही चाललं असतं. सोमवारी काही बरंवाईट झालं असतं, तर 'अग्नी धाकटा देईल' हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं ठरलं असतं, आणि ते मी जन्मभर वागवत बसलो असतो. त्या वाक्याचा मला मनापासून राग होता.

पण हे वाक्य मिळवायचं तर आधी केसांचा बंदोबस्त करायला हवा होता. बाबा आयटीआयमध्ये टर्नरचं काम शिकवायचे. मुलांनी लेथवर कातलेला जॉब हातात घेऊन, एक डोळा मिटून बघायचे आणि बाजूला टाकून द्यायचे. आम्हा भावांनाही तसंच बघायचे. केस दोन बोटांत धरायचे, बोटांच्या वर आले की चल न्हाव्याकडे. मी जर्मनीत आल्यावरही दर कॉलला पहिलं वाक्य तेच, 'केस वाढलेत.' आता तर ते कॉलरवर आले होते. मला वाक्य हवं होतं, पण ते नको होतं.

माझा नेहमीचा तुर्की न्हावी नेमका उरलाउबवर गेलेला. तीन आठवडे सुट्टी, दारावर चिठ्ठी. शनिवारी कोपऱ्यावरच्या जर्मन सलूनमध्ये गेलो. तीन खुर्च्या रिकाम्या. बाई वर न बघता म्हणाली, "टेर्मिन आहे?" म्हणजे आधी वेळ ठरवून आलायत का. नाही म्हणालो. मग पुढच्या आठवड्याच्या शेवटी या, म्हणाली. मी रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. त्या रिकाम्या आहेत हे तिलाही मान्य होतं. या देशात मरायचं असेल तरी आधी टेर्मिन घ्यावी लागेल, असं मी मराठीत म्हणालो आणि बाहेर पडलो. मग बंद होता होता ड्रोगेरीत, म्हणजे साबण-शाम्पूच्या दुकानात घुसून ब्लेडचा कंगवा उचलला. दिसायला साधा कंगवा, फक्त दातांच्या आत ब्लेड बसवलेलं. पाकिटावरचा माणूस हसत हसत स्वतःच्या डोक्यावरून तो फिरवत होता. त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे.

पाकिटावर स्पष्ट लिहिलं होतं, केस धुवून घ्या आणि ओले असतानाच कापा. मी वाचलं, आणि जर्मन लोकांच्या अडाणीपणाला हसलो. केस कापल्यावर अंघोळ करतात. अंघोळ करून मग केस कोण कापतं? आमच्या घरी केस कापून आलेल्या माणसाला सरळ न्हाणीघरात ढकलायचे, वाटेत खुंटीला हात लावू द्यायचे नाहीत. तेव्हा रविवारी सकाळी मी पारोसाच, कोरड्या केसांनी आरशासमोर उभा राहिलो.

कोरड्या, जाड केसांत ते ब्लेड अडकलं. मी ओढलं, नाही आलं. हिसका दिला, तर ते आलं ते मूठभर केस घेऊनच. उजव्या कानावर पांढरंफटक ठिगळ. मग दुसरी बाजू जुळवायला गेलो, ती आणखी वर गेली. मागचं तर दिसतही नव्हतं, अंदाजाने ओढत राहिलो. बुडत्याचा पाय खोलात. शेवटी दाढीचं मशीन काढलं आणि सगळंच साफ केलं. सगळं एकसारखं दिसल्यावर मला बरंही वाटलं, हे सांगायला हवं.

बायको दारात आली. पहिल्यांदा तिला हसू आलं आणि मग ते गेलं.

"अरे," ती म्हणाली, "बाबा आहेत ना अजून."

तोपर्यंत माझ्या खरंच डोक्यात आलं नव्हतं. आमच्या ऑफिसात निम्मे पुरुष तुळतुळीत डोक्याने फिरतात आणि त्यांचे बाप डोंगरात सायकली चालवत असतात. पण आमच्याकडे थोरल्या मुलाचं मुंडण म्हणजे काय, हे पोरासोरांनाही कळतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी बापाचं उरकून बसलो होतो.

बायकोने बर्फातली लोकरी टोपी शोधून दिली. बाहेर जूनचं ऊन. टोपी कानांपर्यंत ओढून मी फोनसमोर बसलो.

स्क्रीनवर हॉस्पिटलची खोली आली. आई स्टुलावर, बाबा पडून, नजर छताला. "बाबा, दादा आहे," धाकटा म्हणाला. बाबांनी मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि धाकट्याला विचारलं, "घरात टोपी का घातलीय त्याने?"

"थंडी आहे इथे," मी म्हणालो. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"काढ," बाबा म्हणाले.

वर्षभरातला माझ्याशी बोललेला पहिला शब्द. आणि मी, चाळिशी उलटलेला माणूस, मुकाट्याने टोपी काढली.

आईने पदर तोंडाशी नेला. "अरे देवा, हे काय करून बसलास? समोर आहेत ना रे ते तुझ्या." धाकट्याच्या हातातला फोन हलला. मी न्हाव्याची सुट्टी, सलूनमधली ती बाई, ब्लेडचा कंगवा, सगळं एका दमात सांगायला लागलो. कुणीही ऐकत नव्हतं. बाबांनी एक डोळा मिटला होता. बराच वेळ त्यांनी माझं डोकं तसं बघितलं.

"मिशी राहिली," ते म्हणाले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर तोंड शिवून बसलेला माणूस, उद्या छाती उघडणार त्याची, आणि आज म्हणे मिशी राहिली. भावाला दिलेला शब्द मी विसरलो.

"ती तुमच्यामागे काढायची असते," मी म्हणालो. "आणि ती काढायला मीच येणार आहे. अग्नीही मीच देणार, धाकटा नाही. तुम्ही नको म्हणा, नाहीतर काय वाटेल ते म्हणा."

"गप्प बस रे," आई म्हणाली.

बाबांनी मिटलेला डोळा उघडला. मला वाटलं, लागलं मनाला. वाईट वाटायच्या ऐवजी मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

"कसा येशील?" ते म्हणाले. "व्हिसा लागतो तुला."

आणि त्यांनी मान परत फिरवली. धाकट्याने कॉल बंद केला.

बायकोने विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. जुना पासपोर्ट गेला होता. इथल्या आपल्या लोकांनी नागरिकत्व मिळाल्याबरोबर ओसीआय कार्ड काढून घेतलं होतं, म्हणजे कधीही उठून भारतात जाता येतं. मी ते काढलं नव्हतं. मुद्दाम. येऊ नकोस म्हणतो ना, नाही येत, कार्ड कशाला हवंय. साधा व्हिसासुद्धा हातात नव्हता. सोमवारी काही झालं असतं तर मी इंगोलश्टाटच्या या खोलीत, मुंडण केलेल्या डोक्याने बसून, धाकट्याने दिलेला अग्नी फोनवर पाहिला असता. मला हे त्या रविवारी कळलं. बाबांना ते वर्षापूर्वीच, 'तू यायचं नाहीस' म्हणतानाच कळलं होतं.