लाल ठिपक्याची पातेली

जानेवारीतला शनिवार, सकाळचे साडेसहा. हजर: मी, माझ्या सासूबाई, समोरच्या फ्लॅटमधली बेन, शेजारची भाभी. गैरहजर: माझा नवरा. तो घरातच होता, पण झोपलेला, म्हणून हजेरीत धरत नाही. स्थळ: सिल्व्हर पार्कमधली आमची बिल्डिंग, चौथा मजला, भाभीचा हॉल. विषय: जुन्या चादरीवर पालथी घातलेली नऊ पातेली.

हजेरी आधी लिहायची ही सवय मला शाळेच्या ऑफिसात लागली. तिथे मी क्लार्क आहे, आणि घरीही मला कागदाशिवाय सुचत नाही. पण पातेल्यांचं सांगण्याआधी आमच्या मजल्याची पद्धत सांगायला हवी.

मजल्यावर आम्ही तीन घरं आहोत. ज्या वस्तूची रोज गरज नाही, ती तिन्ही घरांत मिळून एकच. शिडी एक, ती बेनच्या दाराआड. ड्रिल मशीन एक, आमच्या माळ्यावर. इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर भाभीकडे. मोठी सुटकेस एकच आहे, त्यामुळे दोन घरं एकाच वेळी लांबच्या प्रवासाला जाऊ शकत नाहीत, आणि सुट्ट्या ठरवताना आम्ही हे खरोखर विचारात घेतो. गव्हाचं पोतं एक येतं, बेनच्या काट्यावर वाटलं जातं. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून जे वाया जाणारं पाणी पडतं, ते तिघी बादलीत धरतो आणि लाद्या त्यानेच पुसतो. आठवड्यातून एकदा पॅसेज पुसायची पाळी असते, त्या दिवशी जिच्याकडे पाणी कमी, तिला दुसरी बादली देते. यात कुणाला लाज वाटत नाही. उलट नवीन युक्ती जिला सुचते, ती चार दिवस मान वर करून चालते.

आणखी एक सांगायचं. सासूबाई भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यातल्या. पावसाळ्याआधी सुके बोंबील आणि जवळा भरून ठेवल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. समोरची बेन जैन. तिच्या घरात कांदा-लसूणसुद्धा येत नाही, बोंबील तर सोडाच. इतक्या वर्षांत आम्ही तिच्या सोफ्यावर असंख्य चहा प्यायलो, पण तिच्या स्वयंपाकघरात आमच्यापैकी कुणी पाऊल टाकलं नव्हतं. तिने कधी नको म्हटलं नाही, आम्ही कधी गेलो नाही. शिडी मात्र हवी तेव्हा न विचारता उचलायची.

मागच्या दिवाळीत आम्ही तिघी भांड्यांच्या दुकानात गेलो. एकसारखी नऊ पातेली घेतली तर दुकानदार भाव कमी करायला तयार होता. आम्ही घेतली, तिघींना तीन-तीन. मग प्रश्न आला खुणेचा. दुकानात नाव घालायचे वेगळे पैसे मागितले. भाभीच्या मुलीने मैत्रिणीच्या लग्नासाठी नेलपॉलिश आणलं होतं, एकदा लावून तिला आवडलं नव्हतं. भरलेली बाटली फेकणार कोण? ती मजल्याची झाली. बेनने ती नेली आणि आपल्या पातेल्यांच्या काठाखाली एकेक सुबक ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी मी नेली. मग भाभीने. आपापली भांडी आपल्याला ओळखू यावीत, एवढाच उद्देश.

बाटली एक होती. रंग लाल होता.

नऊच्या नऊ पातेली कधी एकत्र आली नव्हती, म्हणून हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती एकत्र आली भाभीच्या ऑर्डरमुळे.

भाभीच्या हाताला चव आहे, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत. मुलगी कॉलेजात गेल्यापासून ती घरबसल्या काहीतरी काम शोधत होती. बाजूच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी नवीन दुकान घेतलं होतं, त्याच्या मुहूर्ताला चाळीस माणसांचं जेवण हवं होतं. सगळं जैन. जेवण आवडलं, तर दुकानातल्या माणसांचा रोजचा डबाही तिच्याचकडे देऊ, असं काका म्हणाले होते. भाभीने त्या दिवसापासून इतक्यांदा तांदूळ-डाळीचं प्रमाण मोजलं की शेवटी मी वजनकाटा परत बेनकडे नेऊन ठेवला.

मोठी भांडी भाड्याने आणली तर भाभीच्या हातात काय उरणार? म्हणून मजल्याची पातेली. माझी आखणी सरळ होती: बेनच्या तीन पातेल्यांत स्वयंपाक, कारण त्यांत कधी कांदा-लसूणही शिजलेला नव्हता; माझ्या आणि भाभीच्या सहांत पाणी, भाज्या धुणं, सालं. शुक्रवारी संध्याकाळी मी तिन्ही घरांतून पातेली गोळा केली आणि भाभीच्या हॉलमध्ये मांडून टाकली. खुणा होत्याच.

शनिवारी सकाळी बेन आंघोळ करून आली. एक पातेलं उचलून ठिपका पाहिला. "हां, हे माझं." दुसरं उचललं. "हेपण माझं." तिसरं बाजूला ठेवलं. चौथं उचललं आणि थांबली.

"अरे, मी तर तीनच दिली होती ना?"

मी भाभीकडे पाहिलं. भाभीने माझ्याकडे.

"दीदी, आपका निशान कौनसा है?"

"लाल. आणि तुझा?"

"मेरा भी तो लाल ही है."

तिघी खाली बसलो आणि नऊ पातेली फिरवून फिरवून पाहिली. नऊ ठिपके, सगळे सुबक, सगळे लाल. पोचा म्हणून कुठे नाही, कारण आम्ही वस्तू जपून वापरतो. सासूबाईंनी एकेक पातेलं नाकाशी नेलं. आम्ही श्वास रोखून बघत होतो.

"काय आई? कळतंय?"

"साबनाचा वास हाय," त्या म्हणाल्या. "सगल्यांना." आणि त्या जे हसायला लागल्या ते थांबेचनात. "आपली भांडी आपल्याला वलखू येत न्हाय, आन् ही माझी सून कागदावर लिवत बसते!"

हसू मलाही आलं, पण भाभीचा चेहरा पाहून ते मागे घेतलं. ती पातेल्यांकडे बघत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. पाहुणे साडेबाराला जेवायला बसणार होते.

आवाजाने माझा नवरा उठून दारात आला. त्याला सगळं सांगितलं. तो जांभई देत म्हणाला, "नीट घासून घ्या आणि लागा कामाला. कुणाला कळणार आहे?"

बेनने हातातलं पातेलं खाली ठेवलं. ती जमिनीकडे बघत राहिली.

"मुझे पता रहेगा ना, भाईसाहब," भाभी म्हणाली. "वो लोग भरोसे से खाएँगे. नहीं, मैं उनको फोन कर देती हूँ, नहीं होगा."

"थांब," मी म्हटलं. भाड्याने भांडी देणाऱ्याला फोन लावला. लग्नसराई चालू होती. तो झोपेतच म्हणाला की सगळी भांडी बाहेर आहेत. दुसऱ्याचा फोन लागला नाही. भाभीने काकांचा नंबर काढला. बोट नंबरावर ठेवलं, पण दाबलं नाही.

बेन उठली आणि आपल्या घरी गेली. मला वाटलं, तिला वाईट वाटलं. साहजिक होतं, तिची पातेली आमच्या पातेल्यांत मिसळली होती. समोर तिचं लोखंडी दार सरकल्याचा आवाज आला. मग आतलं लाकडी दार तिने पूर्ण उघडलं, त्याला पायाने लाकडी ठोकळा लावला आणि ओरडली, "चला! फोन ठेव ए! दोन पातेली मी दिलीच नव्हती, जुनी आहेत. कूकर आहे, मोठी कढई आहे. थोडं थोडं करू, दोन-दोनदा लावू. चप्पल बाहेर काढा."

भाभी जागची हलेना. "आपके किचन में?"

"तर काय, जिन्यात तळणार पुऱ्या?"

मी भाज्यांच्या पिशव्या उचलल्या. दुधी आणि कच्ची केळी माझ्या नवऱ्याने आदल्या दिवशी स्कूटरवरून चेणे गावाहून आणली होती, तिथे शेतातून थेट मिळतात आणि स्वस्त पडतात. बटाटा चालत नसल्याने केळ्याची सुकी भाजी, दुधी-चणाडाळ, मटार-टोमॅटो, डाळ, भात, पुऱ्या आणि शिरा असा बेत होता.

सासूबाई बेनच्या दाराशी आल्या आणि उंबऱ्याबाहेरच बसल्या. "मी आत येत न्हाय गो. माज्या हातांना जन्माचा बोंबलाचा वास हाय. हितंच मटार सोलते."

बेन आतून कढई घेऊनच बाहेर आली. "बा, मटार काय असे चपलांजवळ सोलतात? हात धुवा नि आत या. साबण बेसिनवर आहे."

"साबनाने जायचा न्हाय तो."

"मग लिंबू लावा. अर्धं पिळलेलं लिंबू ठेवलंय तिथेच, भांड्यांना लावायला. फेकत नाही मी."

हे ऐकल्यावर सासूबाई उठल्या. पिळलेलं लिंबू ठेवणारी बाई म्हणजे आपल्यातली, असा त्यांचा चेहरा झाला.

आणि ते स्वयंपाकघर! मला वाटलं होतं, देवघरासारखं काहीतरी असेल. पाहते तर नळाच्या तोटीवर रबर बँडांचा जुडगा, खिडकीला धुऊन वाळत घातलेल्या दुधाच्या पिशव्या, आइस्क्रीमच्या डब्यांत डाळी, लोणच्याच्या बरणीत चमचे. जुन्या कॅलेंडरची पानं फडताळात अंथरलेली, पांढरी बाजू वर. हुबेहूब माझं स्वयंपाकघर, फक्त मसाल्याच्या डब्याची जागा डावीकडे. मी इतका वेळ बघत राहिले की बेन म्हणाली, "काय बघते? घाण आहे?"

"नाही हो. माझ्याच घरात आल्यासारखं वाटतंय."

मग कामाला लागलो. कागद माझ्या हातात नव्हता, पण क्रम डोक्यात पक्का होता. कूकरमध्ये आधी डाळ, मग भात, मग पुन्हा भात. डाळ एका जुन्या पातेल्यात काढून त्याला गरम शालीत गुंडाळलं. दुसऱ्यात दुधी. भाभी शेगडीपुढे उभी राहिली आणि तिच्या हातात एकदम जीव आला. फोडणी देताना ती कुणाशी बोलत नव्हती. मी पुऱ्या लाटत होते, बेन तळत होती आणि तेल जास्त तापलं की गॅसला गुजरातीतून दटावत होती.

मागे सासूबाईंनी मटारची सालं केराच्या डब्याकडे नेली. बेन मान न वळवता म्हणाली, "बा, ते फेकू नका. आतला पापुद्रा काढून भाजी होते."

सासूबाई थबकल्या. "ह्याची? आमी आयुष्यभर फेकली की!"

"मग इतकी वर्षं नुकसान केलं."

"अग, पन तू दुधीच्या सालीचं काय करतेस?"

"टाकते."

"टाकते!" सासूबाई अशा जिंकल्या की पार कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. "तीळ घालून चटनी कर. ती लसनीशिवाय बी होते. कांदाच न्हाय लागत, तुला चालेल."

शिरा शेवटी केला. तुपाचा वास जिन्यात गेला, तसे खालच्या मजल्यावरचे दोघं-तिघं उगाचच वर चढून, शिडी मागायच्या निमित्ताने डोकावून गेले. बेनने एकालाही चमचाभर दिला नाही. "ऑर्डरचं आहे," ती म्हणाली, जसं काही ऑर्डर तिचीच होती.

बारा वाजायच्या आत काकांची माणसं आपले डबे घेऊन आली. भरून दिलं. ते गेल्यावर आम्ही चौघी बेनच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो आणि कढईच्या तळाला उरलेला शिरा वाटून घेतला. भाभीने खाल्ला नाही. फोन मांडीवर ठेवून ती बसली होती.

साडेतीनला त्या काकांच्या घरच्या काकी स्वतः वर आल्या. पैसे द्यायला, असं म्हणाल्या, पण बेनच्या घरातून भाभी बाहेर येताना पाहून त्या क्षणभर गोंधळल्या. भाभीने लपवाछपवी केली नाही. सगळं सांगितलं, पातेल्यांसकट. मला वाटलं, आता हे कशाला सांगतेय! काकी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "केळ्याची भाजी संपली, मला मिळालीच नाही. एक तारखेपासून डबा चालू करा. भांडी मात्र वेगळी ठेवा हं."

त्या जिना उतरल्या आणि भाभी दारातच मटकन बसली. हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही कळत नसावं. सासूबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "उठ आता. रोज करायचा हाय तुला. पहिल्याच दिवशी बसतेस?"

आता रोज बेनच्या ओट्यावर काम करणं बरं नाही, हे भाभीच म्हणाली आणि ते बरोबरच आहे. तिला स्वतःची वेगळी भांडी हवीत. काटकसरीचा माझा सगळा जन्म एका बाजूला ठेवून मी सांगितलं, नवीन घ्यायची. कामाच्या भांड्यांवर खर्च करावाच लागतो. बेन म्हणाली, ती नऊ पातेली मोडीत द्या, तेवढे पैसे कमी होतील. मला पटलं. भाभीला पटलं.

सासूबाईंना पटलं नाही. "त्यात आपली तीन हायत. कंची, ते सांगता येत न्हाय. म्हनून एकबी देनार न्हाय."

दोन शनिवार यावर गेले. एकदा निघालो, तर बेनला आठवलं की तिच्या नणंदेकडे एक न वापरलेलं पातेलं पडून आहे, आधी ते विचारू. नणंदेने ते कधीच देऊन टाकलं होतं. एकदा रिक्षात बसलो आणि भाभीच म्हणाली, सणाआधी भाव उतरतात का ते पाहू. एक तारीख पुढच्या आठवड्यात आहे. उद्या रविवार, दुकान दुपारपर्यंत उघडं असतं. पातेली घ्यायची आहेत.