उजवीकडे पडणारा उजेड

जावयाने एक जुनी जर्मन गाडी घेऊन ठेवली होती. तिचं स्टिअरिंग डावीकडे. ऑस्ट्रेलियात गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणजे ही गाडी तिथे उलटीच. फार जुनी असली की चालू देतात म्हणे. रविवारी पुसायची आणि जवळपास एक चक्कर मारायची, एवढाच तिचा उपयोग. मला हे खूळ पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं, पण जावयाला काय बोलणार.

आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी फेब्रुवारीत मुलीकडे मेलबर्नला गेलो होतो, डँडेनॉन्गजवळ. तीन महिने राहून परत यायचं होतं. मार्चमध्ये जावई आईच्या आजारपणासाठी नागपूरला गेला आणि मागोमाग कोरोनाने विमानं बंद झाली. तो तिकडे अडकला, आम्ही इकडे. मे महिन्यात त्यांच्या रोजच्या गाडीचं इंजिन गेलं. दुसरी घ्यायची ऐपत त्या वर्षी नव्हती. राहिली ती हौसेची गाडी.

मुलगी वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये कामाला होती. म्हाताऱ्यांची जेवणं उरकून, भांडी आवरून साडेसहाला सुटायची. तिथे जूनमध्ये हिवाळा असतो, साडेपाचलाच काळोख पडतो. पहिल्याच आठवड्यात घरी आली आणि किल्ली टेबलावर आपटली.

"आई, समोरून येणारा प्रत्येक जण हॉर्न मारतो. एकाने तर काच खाली करून शिवी दिली."

"का? तू काय केलंस?"

"मी काय करणार? ह्या गाडीचे लाइटच उलटे आहेत."

ती गाडी उजवीकडून चालायच्या देशातली. अशा गाडीचा लाइट उजव्या बाजूला थोडा वर उचललेला असतो, रस्त्याची कड दिसावी म्हणून. आपल्याकडे आणि तिथेही कड डावीकडे, उजवीकडून समोरची गाडी येते. सगळा उजेड त्या माणसाच्या डोळ्यांत. लाइट बदलून घ्यायचे असं जावयाने ठरवलं होतं, तेवढं राहून गेलं. फोनवर तो नुसता सॉरी सॉरी म्हणत होता. मी फोन यांच्या हातात दिला. हे म्हणाले, "जय भीम. काळजी करू नका, मी बघतो."

यांनी जन्मभर नगरपालिकेचा पाण्याचा टँकर चालवला. आपल्याकडे पूर्वी ट्रक, टँकर, एसटी, सगळ्यांच्या दिव्यांची वरची अर्धी काच काळी रंगवलेली असायची, समोरच्याला त्रास नको म्हणून. यांनी घरातली वायरिंगची काळी टेप घेतली आणि दोन्ही दिव्यांची वरची अर्धी काच झाकून टाकली. काम सुबक केलं होतं. नात शेजारी उभी होती, सहा वर्षांची.

"आजी, इज दॅट इव्हन लीगल?"

"काय म्हणते गं ती?" यांनी विचारलं.

"म्हणते, आजोबा हुशार आहेत."

दुसऱ्या दिवशी मुलगी उशिरा आली. वाटेत पुढचं चाक फुटपाथवर चढलं होतं आणि काचेवर पिवळा कागद चिकटवलेला होता. रस्त्यात पोलीस लॉकडाऊनचे परवाने तपासत होते. तिचा परवाना बरोबर निघाला, गाडी नाही. तेवढी घरी नेऊ दिली, पण यापुढे योग्य लाइट बसवेपर्यंत अंधारात ही गाडी चालवायची नाही, असं त्या कागदावर होतं.

"बाबा, पुढचं काहीच दिसत नव्हतं. एक माणूस कुत्रा घेऊन चालला होता, तो अगदी जवळ आल्यावर दिसला. हा तुमचा टँकर नाहीये!"

हे उठले. बाहेर जाऊन नखाने टेप काढत बसले. थंडीत ती लवकर निघत नव्हती.

शनिवारी दिवसा आम्ही सगळे एका पंजाबी मेकॅनिककडे गेलो. त्याने मास्क नाकावर चढवला, टेपचे डाग पाहिले आणि हसला.

"अंकलजी, डिपर की सारी रोशनी ऊपर के हिस्से से आती है. आपने वही बंद कर दी."

"हमारे यहाँ तो सब ऐसे ही करते थे," हे म्हणाले.

"वहाँ सब फुल पे चलाते थे, अंकलजी."

त्याने गाडी शटरसमोर लावली. उजेडाची कड सरळ जात होती आणि उजवीकडे चढत होती. त्याने काचेवर एका ठरावीक जागी टेपचा लहानसा तुकडा लावला. चढ गेला. इतकं साधं होतं. पण तेवढ्याने पिवळा कागद निघणार नव्हता. त्यासाठी डाव्या बाजूने चालणाऱ्या गाडीचे अख्खे दिवे हवेत, ते इंग्लंडमधून येणार, बोटीने, आणि बोटी कुठे अडकल्यात ते कोणालाच माहीत नाही. "नो वरीज, आंटीजी," तो दर दोन वाक्यांनी म्हणायचा. काळजी करायला आम्ही होतोच.

तेव्हापासून मुलगी ट्रेनने जाऊ-येऊ लागली. दुसऱ्याच्या गाडीतून यायचीही सोय नव्हती, लॉकडाऊनच्या नियमात ते बसत नव्हतं. स्टेशनपासून घरापर्यंत गोदामांचा रस्ता, दिवे लांब लांब, माणूस नाही. मी खिडकीशी उभी राहायची. उभं राहून काय होतं? काही नाही. मला इंग्रजी येत नाही, गाडी येत नाही, त्या रस्त्याचं नावसुद्धा धड घेता येत नाही. यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन परत गेल्यावर करायचं ठरलं होतं.

बहीण फोनवर म्हणाली, "गाडीची दृष्ट काढ." मी म्हटलं, "दृष्ट काढल्याने उजेड डावीकडे वळत असेल तर सांग."

ऑगस्टमध्ये आठनंतर संचारबंदी लागली. एके दिवशी साडेसात झाले तरी मुलगी नाही. फोन बंद. पावणेआठला हे चपला घालायला लागले.

"कुठे निघालात?"

"कोपऱ्यापर्यंत."

"अहो, तुम्हाला समोरचा खांब दिसत नाही. तुम्हाला शोधायला मग मी कोणाला पाठवू?"

"मग बसून राहू?"

"बसा."

ते दारातल्या पायरीवर बसले, एका पायात चप्पल. नात विचारत होती, "मम्मा कुठेय?" मी तिला दुसऱ्यांदा वरण-भात वाढला, ती खात नव्हती तरी. बाहेर ती गाडी उभी होती, धुतलेली, पेट्रोल भरलेली.

साडेआठ होऊन गेल्यावर मुलगी आली. ट्रेन रद्द झाली होती, दोन स्टेशनं चालत आली होती. मध्ये पोलिसांनी थांबवलं, परवाना बघून सोडलं. कोणीही घरापर्यंत सोडलं नाही. बूट काढले तेव्हा मोज्याला रक्त लागलेलं होतं.

"फोन का बंद?"

"आई, बोलू नकोस. जेवायला वाढ."

मी वाढलं. हे पायरीवरून उठून आत आले आणि तिच्यासमोर बसले. तिने जेवता जेवताच सांगितलं, "बाबा, उद्यापासून दारात बसायचं नाही. मला रस्त्यात तुमची काळजी वाटते." म्हणजे तेवढंही आमच्या हातातून गेलं. तरी सगळा सप्टेंबर मी खिडकीशी होते आणि हे दाराच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून. ती आली की दोघं उठून कामाला लागल्यासारखं करायचो.

दिवे ऑक्टोबरच्या शेवटी आले. मेकॅनिकने बसवले, तपासणी झाली, पिवळा कागद निघाला. मुलगी गाडी घेऊन कामाला गेली आणि सातला घरी आली. तोवर तिथे उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे केली होती, दिवस मोठे झाले होते. सातला स्वच्छ ऊन होतं.

हे अंगणात उभे होतेच. म्हणाले, "पोरी, लाइट लाव बघू."

तिने लावले. हे वाकून पाहू लागले, मग भिंतीकडे गेले, भिंतीवर हात ठेवून पाहिलं. उन्हात काय दिसणार? सगळा हिवाळा ज्याच्यासाठी काढला, ते लागलंय की नाही हेसुद्धा कळेना.

"पुढच्या हिवाळ्यात कळेल," मी म्हटलं.

"पुढच्या हिवाळ्यात आपण इथे कशाला असू?" हे म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यातही आम्ही तिथेच होतो.