वेचणीच्या दिवसांतला व्याकरणाचा तास

मैत्रिणींनो, आज फार चिडचिड झालीय.

सकाळी धरणगावच्या स्टँडवर आपले व्याकरणाचे गुरुजी भेटले. माझ्या लेकीला त्यांनी विचारलं, "प्रयोजक क्रियापद म्हणजे काय?"

ती म्हणाली, "काम आपण करायचं नाही, दुसऱ्याकडून करवून घ्यायचं. आई बाळाला चालवते."

गुरुजी खूश. मला म्हणाले, "हाई बठ्ठासले मीच शिकाडं."

हे सगळ्यांना यांनीच? कधी शिकवलं? नव्वदच्या दशकात, ऐन व्याकरणाच्या तासांना, ते आपल्याकडून स्वतःच्या शेतातला कापूस वेचून घ्यायचे. त्याला श्रमदान म्हणायचे.

हे तोंडावर सांगायचं होतं. निघालं मात्र, "हो गुरुजी." वर लेकीला त्यांच्या पाया पडायला लावलं.

एसटीत ती म्हणाली, "मला तू वाकायला लावलंस. तुला कोण लावतं?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?