माझ्या हातच्या मेमरीत बिरादार

यशवंत गेल्याचा फोन मला बिरादारनं केला. माणसाला अशा वेळी आधी रडू यावं, पण खरं सांगतो, मला आधी राग आला. याला माझ्या आधी कसं कळलं? तिकडून तो हुंदके देत सांगत होता, "दत्ताभाऊ, आपला यशवंत गेला हो..." आणि मी इकडं त्या 'आपला'वरच अडकून बसलो. आपला कुठला? माझा होता तो. नांदेडच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो, तेव्हा हा बिरादार निलंग्याकडं कुठं होता कोण जाणे. याला आता दीड महिना झाला. मी अजून तिथंच अडकलोय, म्हणून लिहायला बसलो.

यशवंत सोनकांबळे सरकारी नोकरीत ओव्हरसियर होता, आणि माझं नांदेडात रेडिओ दुरुस्तीचं दुकान, ते मी अजून चालवतो. त्याच्या एका साहेबानं परदेशातून एक कॅल्क्युलेटर आणला होता, तो निवृत्त होताना त्यानं यशवंतला देऊन टाकला. साधा नव्हे. त्यात गणिताच्या पायऱ्या भरून ठेवायच्या, मग तो एकेक आकडा विचारायचा आणि झटक्यात उत्तर काढून द्यायचा. पडद्यावर इंग्रजी अक्षरंसुद्धा उमटायची. यशवंतचा जीव जडला त्याच्यावर. पण त्या यंत्राची मेमरी फार तोकडी. बांधाच्या भरावाचं गणित भरलं की कालव्याचं पुसावं लागायचं. मेमरी वाढवायचा तुकडा कंपनी वेगळा विकायची, पण तो तिकडं परदेशात. नांदेडात कोण देतो! मग यशवंत म्हणाला, "दत्त्या, आपणच करू की." चिप हैदराबादहून आणली. यंत्राच्या खाचेत बसतील अशा पट्ट्या तांब्याच्या बोर्डातून कापल्या, आणि वरचं कवच कंपासपेटीतल्या प्लास्टिकच्या गुण्याचे तुकडे चिकटवून केलं. सगळं सोल्डरिंग माझं, कारण यशवंतच्या हाताला घाम सुटायचा. पहिल्या खेपेला यंत्र मुकाट बसलं. चिपच जळाली होती. दुसऱ्या खेपेला पडद्यावर वाढलेली जागा दिसली, तेव्हा यशवंतनं मला दुकानात गिऱ्हाइकांसमोर उचलून धरलं होतं.

त्याच सुमारास लातूर वेगळा जिल्हा झाला आणि यशवंतची तिकडं बदली झाली. उस्मानाबादहून ट्रकनं फायली आल्या, पण त्या ठेवायला कपाटं नव्हती. ऑफिस एका भाड्याच्या घरात. खुर्च्या कमी, म्हणून माणसं फायलींच्या गठ्ठ्यांवर बसायची. यशवंतच्या समोरच्या गठ्ठ्यावर जो नकाशे काढणारा बसला, तो शिवराज बिरादार. दर शनिवारी यशवंत एसटीनं अहमदपूरमार्गे नांदेडला माझ्याकडं यायचा, आणि आला की बिरादारपुराण सुरू. बिरादार असा नकाशा काढतो, बिरादार कानडीत अशा शिव्या देतो. मी पोरासारखा तोंड फुगवून ऐकायचो. दुष्काळ पडला आणि ते दोघं आणखीच जवळ आले. पाझर तलावांची कामं निघाली, हजारो माणसं खोदायला. आठवड्याचं माप घेऊन गणित झाल्याशिवाय मजुरी वाटता यायची नाही. बिरादार दिवसभर उन्हात टेप धरून मापं घ्यायचा, संध्याकाळी यशवंत ती यंत्रात घालायचा. हातानं दोन दिवस लागणारं काम तासाभरात व्हायचं, आणि बाया बाजाराच्या आधी मजुरी घेऊन घरी जायच्या. हे माझ्या मेमरीमुळं, असं यशवंत स्वतः म्हणायचा. मला तेवढं पुरेसं वाटत होतं.

अन् एका शनिवारी त्यानं दुकानात येऊन मोठ्या कौतुकानं यंत्र पुढं केलं. "बघ, काय करून राहिलो ते." त्यानं एका तलावाची मापं घातली. आकडा आला, आणि त्याच्यामागून पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटलं: बिरादार चहा.

मला कळेना. यशवंत हसत सुटला. म्हणाला, ऑफिसच्या रांजणात पाणी नसतंय, पण समोरच्या हॉटेलात चहा मिळतोय. गणित संपलं की बिरादारनं उठायचं आणि चहा सांगायचा, असं ठरलंय. अहो, त्या यंत्रात एकेक अक्षर जागा खातं! जागेच्या पायी या माणसानं आकडा विचारतानासुद्धा कधी शब्द टाकला नव्हता, नुसतं प्रश्नचिन्ह यायचं. मी डोळे फोडून, बोटं भाजून जागा करून दिली, आणि त्या जागेत यानं काय भरलं? बिरादार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि माझं नाव कुठंय यात?" मी विचारलंच.

"तुझं?" यशवंत खरंच चकित झाला. "चहाची हाक हाय ती. तू चहा कुठं पितोस? तुला पित्त होतंय."

ते खरं होतं. लहानपणापासून मला चहा सोसत नाही. पण त्या दिवसापासून मी यशवंत आला की चहा प्यायला लागलो, त्याच्यासमोर, मोठ्यानं फुर्र करून. रात्रभर छातीत आग व्हायची. माझी बायको मंगल म्हणायची, कुणाच्या हट्टापायी पिऊन राहिलात हे? यशवंतनं ते पाहिलं की नाही, देव जाणे. मी आणखी एक मेमरी करून दिली. तिच्यात त्यानं कालव्याचं गणित भरलं, मुलीचं नाव भरलं. माझं नाही. परत मी विचारलं नाही. किती वेळा विचारणार माणूस?

नोकरी संपल्यावर तो लातुरातच राहिला. दवाखान्यात शेवटचे दिवस बिरादार त्याच्या उशाशी. मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा खुर्ची बिरादारची होती आणि तो उठून मला बसायला द्यायचा, म्हणजे मी पाहुणा! यशवंत गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तोच बोलला. "यशवंतरावांनी घरच्या घरी मेमरी बनवली," म्हणाला, "दत्ताभाऊंनी सोल्डरिंग केलं." नुसतं सोल्डरिंग! आणि कॅल्क्युलेटर? तोही यशवंतच्या बायकोनं, सुजातावहिनींनी, त्यालाच दिला. रोज येतात, घरच्यासारखे आहेत, म्हणाल्या. मी मान हलवली. दुसरं काय करणार...

पण गेल्या पंधरवड्यात बिरादार दुकानात आला. त्याला यायलाच लागलं. यंत्राचे सेल संपत आल्याची खूण पडद्यावर दिसत होती. सेल संपले तर आतलं सगळं पुसलं जातं. यशवंतनं इतकी वर्षं ते एकदाही होऊ दिलं नव्हतं, आणि न पुसता सेल बदलायची रीत फक्त त्याला आणि मला ठाऊक. एसटीत बिरादारनं ते यंत्र लातूरपासून मांडीवर दोन्ही हातांत धरून आणलं होतं. मी बाहेरून वायरींनी पेन्सिल सेल जोडले, मग आतले काढून नवे घातले. पडदा विझला नाही. बिरादार खाली बसला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला. मी मात्र म्हणालो, "चार दिवस नजर ठेवावी लागंल. राहू द्या माझ्याकडं."

चार दिवस कधीच होऊन गेले. नजर ठेवण्यासारखं काही नाही, यंत्र ठणठणीत आहे. काल त्याचा फोन आला. "झालं का, दत्ताभाऊ?"

"न्हाई अजून."

तो म्हणाला, "ठेवा तुमच्याकडंच. माझं तेवढं नाव पुसू नका. त्याच्या हातचं दुसरं काई न्हाई माझ्याकडं."

यंत्र माझ्या टेबलावर आहे, वायरींसकट. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की मी कुठल्यातरी आटलेल्या तलावाची मापं घालतो. आकडा येतो, क्षणभर पडदा कोरा राहतो, मग तेच. बिरादार चहा. पुसायचं बटण तिथंच शेजारी आहे. बोट तिथवर जातं, खोटं कशाला बोलू. पुसलं तर तिथं माझं नाव मावेल, आणि ते टाकणारा मीच असेन... बोट मागं घेतो. आतून मंगल ओरडते, परत चहा घेऊ नका, पित्त होईल म्हणून. पडद्यावरची हाक बिरादारला असते. तरी मीच उठतो आणि चहा ठेवतो.