अर्धं चाक

ऐंशीच्या दशकात आमची एमटी, म्हणजे गाड्यांची, प्लाटून डोंगरातल्या एका चौकीवर होती. मी हवालदार, घर डोंबिवलीला. नाईक धर्मा कोपरीच्या कोळीवाड्यातला. सकाळी फॉल-इन झालं की धर्मा उभ्या गाड्या जवानांकडून ढकलून घ्यायचा. गाडी जराशी सरकली की हात वर. "बस, अर्धंच चाक." एका जागी राहिली की गाडीचे पाय आखडतात, म्हणायचा. आम्ही त्याची भरपूर टर उडवायचो.

एकदा कॉन्व्हॉयवर दरड आली. वायरलेस सेटवर आवाज आला, "तीन नंबर दिसत नाही. ओव्हर." तीन नंबरची गाडी धर्माकडे होती. तो परत आला नाही. मला तो पाठच्या भावासारखा होता. अजून आहे.

मी पेन्शनवर घरी आलो. काही महिन्यांनी धर्माचा धाकटा भाऊ खंडू भेटायला आला. धर्माने शेवटच्या सुट्टीत आपली जुनी गाडी अंगणात लावली होती. त्या जागेवरून आईने ती कुणाला हलवू दिली नव्हती. रोज धुवायची, दसऱ्याला हार घालायची. आता तिचं छातीचं दुखणं वाढलं, तेव्हा कुठे त्या गाडीतून इस्पितळात जायला तयार झाली. खंडूने हवा भरून गाडी काढली, तर ती माजिवड्याच्या चौकापर्यंत अशी थरथरली की म्हातारी वाटेतच उतरली. म्हणाली, "धर्मा नको म्हनतो. मी नाय जायाची इस्पितलात." रिक्षालाही नाहीच.

मी कोपरीला गेलो. गाडी हळू असली की थरथरायची, हायवेवर वेग घेतला की शांत. प्लग बदलले, इंजिनाची माउंटिंग बदलली, प्रोपेलर शाफ्ट तपासला. फरक शून्य. इतकी वर्षं लष्कराच्या गाड्या खोलल्या, आणि इथे डोकं चालेना. एका क्षणी म्हातारीचंच खरं वाटू लागलं, आणि स्वतःचाच राग आला.

मग उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली. तरीही थरथर. म्हणजे इंजिन निर्दोष. जॅक लावला, टायरला खडू टेकवला आणि चाक हाताने फिरवलं. खडूची रेघ सगळीकडे उमटली, फक्त तळहाताएवढी जागा कोरी राहिली. चारही चाकांना तेच. टायर नव्यासारखे, पण जमिनीला टेकलेल्या जागी कायमचे चपटे झालेले.

मला धर्माचा वर केलेला हात आठवला. मग म्हातारीला बोलावून चपटी जागा दाखवली आणि धर्माचं अर्धं चाक सांगितलं. तिने टायरवर हात ठेवला. 

"मंग मना कोनी का नाय सांगला?"



टायर बदलले. पुढच्या सोमवारी ती इस्पितळात गेली, मी शेजारी होतो. माजिवड्याच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती, पण थरथर नव्हती. ती डोळे मिटून बसली होती.

आता ती गाडीला कधी एका जागी राहू देत नाही. रोज सकाळी काठी टेकत अंगणात येते, एक हात बोनेटवर ठेवते. ढकलतो खंडूच. ती फक्त हात वर करते.

"बस. अर्धाच."