शालूताईंच्या चकत्या

शालूताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्या घरात कोणाची टाप नाही. डोंबिवलीला मानपाड्याजवळ औषधांच्या एका कारखान्यात, गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या मशीनपाशी उभं राहून त्यांनी नोकरी काढली, धाकट्या भावाला शिकवलं, दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला आणि रिटायर झाल्या. त्या मशीनच्या खडखडाटाने जाता जाता त्यांचे कान तेवढे नेले.

बाई सोन्यासारखी, पण एक खोड अशी की माणसाने कपाळावर हात मारावा. नवी वस्तू वापरायची म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. रिटायर होताना कंपनीतल्या बायकांनी दिलेला कुकर अजून खोक्यात आहे आणि वरणभात शिजतो तो हँडल लुळं पडलेल्या जुन्या कुकरात. मी दिवाळीला दिलेल्या चादरी प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कपाटात उभ्या आहेत. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबर. विचारलं तर एकच उत्तर, "असू दे गं, वेळप्रसंगाला होईल." लोकांचं दात आहेत तर चणे नाहीत असं असतं. शालूताईंकडे दातही आहेत आणि चणेही आहेत. फक्त चणे डब्यात आणि डबा माळ्यावर.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या आमच्याकडे घोडबंदर रोडला राहायला होत्या. अठराव्या मजल्यावर बाई कंटाळून गेली. मालिका लावून द्याव्या तर संवाद ऐकू येत नाहीत, आवाज वाढवावा तर शेजारचे बेल वाजवतात. तेव्हा माझ्या उर्वीने तिचा जुना व्हिडिओगेम, तो हातात धरून खेळायचा असतो तो, आत्याच्या हातात दिला. नवा तिच्याकडे होताच. मला वाटलं, दहा मिनिटांत परत येईल. कसला येतोय! गेममध्ये सगळं पडद्यावर लिहून येतं, कोणाचं काही ऐकावं लागत नाही. आणि गोळ्यांच्या पाकिटांवरचं बारीक इंग्रजी वाचण्यात हयात गेलेली, त्यामुळे अक्षरं अडली नाहीत. शालूताई चिकटल्या त्या चिकटल्याच.

गेम साधा आहे. रानात फिरायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावायची. शालूताईंनी पहिल्याच दिवशी पकडलेला प्राणी म्हणजे घोरपडीचं तोंड आणि बोक्याचं अंग असलेलं एक हिरवं ध्यान. त्याचं नाव त्यांनी गोंद्या ठेवलं. गोंद्याला चार डाव येत. धडक मारणं, ओरखडणं, शेपटी आपटणं आणि डोळे वटारणं.

आता मोठमोठ्या प्राण्यांपुढे असल्या डावांनी काय होणार? म्हणून गेममध्ये चकत्या असतात. एखादी झुंज जिंकली की मिळतात, गुहेत सापडतात. एकेका चकतीत एकेक नवा डाव असतो. आपल्या प्राण्याला चकती दिली की तो डाव शिकतो. पण चकती एकदाच चालते, शिकवली की संपली. आणि प्राण्याच्या डोक्यात चारच डाव मावतात, पाचवा शिकवायचा तर आधीचा एक विसरायला लावावा लागतो.

झालं! शालूताईंच्या हातात एकदाच वापरायची वस्तू दिल्यावर दुसरं काय होणार? त्यांची गेममधली पिशवी चकत्यांनी भरून गेली, आगीच्या, पाण्याच्या, वाऱ्याच्या, भूकंपाच्या. आणि गोंद्या आपला राक्षसाएवढ्या प्राण्यांसमोर उभा राहून डोळे वटारतोय.

"अगं आत्या, वापर ना एखादी," उर्वी डोकं धरून ओरडायची.

"आज वापरली आणि उद्या ह्याच्यापेक्षा मोठा कोणी आला म्हणजे?"

"उद्या आला तर आज शिकलेलं कामालाच येईल ना!"

"आणि त्याचं एक विसरायला लावायचं? त्याला काय वाटेल बिचाऱ्याला?"

मी स्वयंपाकघरातून ऐकत हसायची. आत्या-भाचीचं हे भांडण ऐकायला मला फार आवडायचं.

गुडघा बरा झाला, शालूताई गेम घेऊन डोंबिवलीला परत गेल्या. पुढे उर्वीला नोकरी लागली ती थेट कोइमतूरला. जायच्या आधी ती आत्याला भेटायला गेली आणि तिने आपल्या गेममधली एक चकती आत्याच्या गेममध्ये पाठवली. वीजवर्षाव नावाचा डाव. अख्ख्या गेममध्ये ती चकती एकदाच मिळते. उर्वीने ती शाळेत असताना मिळवली होती आणि स्वतःच्या प्राण्यालासुद्धा दिली नव्हती. "ही गोंद्यासाठी. पण वापरायची हं, आत्या. ठेवून द्यायची नाही." आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि चकती पिशवीच्या तळाशी नीट ठेवून दिली.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी उर्वीचा फोन. फोन टीपॉयवर स्पीकरवर ठेवायचा, दोघींनी आपापला गेम हातात घ्यायचा आणि इंटरनेटवरून झुंज लावायची. गोंद्या दर रविवारी हरायचा आणि शालूताई दर रविवारी खूश. आठवडाभर बाई त्या दुपारची वाट बघायची. रविवारी कोणाचं बारसं निघालं तरी "मला जमायचं नाही" असं तोंडावर सांगायची. दुसरं काही मागितलं नाही हो त्यांनी आमच्याकडे कधी. तेवढी एक दुपार त्यांची होती.

खेळता खेळता उर्वी बोलायची. आणि इथेच सगळी गोम होती. कारण शालूताईंकडे कुठल्याही बोलण्याला तीनच उत्तरं असतात, "हो का?", "छान छान" आणि "जेवलीस का?" ऐकू येत नसलं तरी ही तीन उत्तरं त्या अशा बेमालूम पेरतात की समोरच्याला पत्ता लागत नाही. आम्ही त्यांना कानाचं मशीन करून दिलं होतं, चांगलं महागातलं. बसवलं त्या दिवशी रिक्षातून येताना त्या सारख्या चमकून इकडेतिकडे बघत होत्या. नंतर मी फोनवर विचारायची, "ताई, मशीन लावता ना?" त्या म्हणायच्या, "हो का? छान छान." मी आपली समजले, लावत असतील. केस कानांवरून घेऊन अंबाडा घालतात, भेटल्यावरही दिसायचं नाही. ओरडून बोलायची तर आम्हा सगळ्यांना सवयच लागलेली, ती काही सुटली नाही.

मग एका बुधवारी उर्वीचा मला फोन आला. आवाज बसलेला.

"आई, मी रविवारचं बंद करतेय."

"का गं?"

"मी एवढं बोलते तिच्याशी. मशीन लावलंय, ऐकू येतं तिला, तरी नुसतं छान छान. मी काय सांगतेय ह्याच्याशी तिला काही नाहीच. आणि मी दिलेली चकती अजून पिशवीत. माझी सगळ्यात भारी चकती होती गं ती. चादरी ठेवते तशी ठेवून दिली."

"मग तिला सांग ना तसं."

"सांगितलं. परवा रविवारी सांगितलं, आत्या, मी आता फोन नाही करणार. तर म्हणाली, छान छान."

मला हसू आलं. "पण तू एवढं काय सांगत होतीस तिला?" असं विचारलं, तर म्हणाली, "काही नाही, जाऊ दे." मुलीचं "काही नाही" आईला कळतं, पण त्याच्या आत काय आहे ते कळत नाही.

पुढच्या रविवारी दुपारी शालूताईंचा मला फोन. "रचना, उर्वी आजारी आहे का गं? फोन नाही आला तिचा." मी सांगायला सुरुवात केली. "हो का? छान छान," म्हणाल्या आणि मिनिटाभराने पुन्हा, "पण मग आजारी आहे का?" मी फोन ठेवला आणि गाडी काढली. शीळफाट्याच्या गर्दीत अडकले तेव्हा नणंदेला आणि त्या रस्त्याला एकाच दमात शिव्या घातल्या.

दार उघडंच होतं. शालूताई सोफ्यावर बसलेल्या, गेम मांडीवर, फोन टीपॉयवर, आणि नजर फोनवर. मला बघून त्या घाबरल्याच. मी शेजारी बसले आणि घसा ताणून सगळं सांगितलं. खालच्या इस्त्रीवाल्यालाही कळलं असेल.

"मी फोन करणार नाही म्हणाली?" त्यांनी विचारलं. "आणि मी काय म्हणाले?"

"छान छान म्हणालात!"

त्यांचा हात कानावर गेला. तेव्हा मी त्यांचे केस बाजूला केले. कान रिकामा.

मग मात्र माझा तोल गेला. "ताई! मशीन कुठाय?"

त्या उठल्या, कपाट उघडलं, कोणीतरी दिलेल्या एका ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली डबी काढली. डबीत मशीन जसंच्या तसं, आणि शेजारी त्याच्या बारक्या सेलचं पाकीट. प्रत्येक सेलवर नारिंगी चिकटपट्टी. दवाखान्यात घातलेले सेल संपल्यावर एकही काढलेली नव्हती.

"हे बघ," त्या मलाच समजावून सांगायला लागल्या, "ही पट्टी एकदा काढली की सेल सुरू होतो. मग तुम्ही वापरा नाहीतर नका वापरू, तो संपतोच. डॉक्टरांनी सांगितलंय. घरात मी एकटी. उगाच कशाला जाळायचा? तुझ्या उर्वीच्या लग्नात लावणार होते. एरवी माझ्याशी बोलतंय कोण?"

"उर्वी बोलत होती की," मी म्हटलं.

मी ओरडले नव्हते. तरी त्यांनी ओठांवरून ओळखलं असावं. त्या तिथेच पलंगाच्या कडेला बसल्या. तोंड असं झालं त्यांचं की मला वाटलं, उगाच बोलले. मग त्यांनी चष्मा लावला, नखाने एका सेलची पट्टी सोलली, दुसऱ्या सेलची सोलली, आणि मशीन कानांत बसवलं.

शेजारी मिक्सर सुरू झाला तशा दचकल्या. स्वतःच्या बांगड्या हलवून बघितल्या. मग सोफ्यावर परत येऊन गेम उचलला, कुठलंसं बटण दाबलं आणि गोंद्या पडद्यावर आला. आला तो ओरडत. कसलं बारीक, म्हशीच्या रेडकासारखं ओरडणं होतं ते.

"अगं बाई, हा ओरडतो?" शालूताई म्हणाल्या. "इतके दिवस हाका मारत होता?" आणि त्यांना जे हसू आलं त्यातच रडू मिसळलं. मी पाणी आणून दिलं.

पाणी प्यायल्या, डोळे पुसले आणि पिशवी उघडली. तळाची चकती काढली. पडद्यावर प्रश्न आला, गोंद्याने कोणता डाव विसरायचा? चारही नावांवरून त्यांचं बोट फिरत राहिलं. शेवटी म्हणाल्या, "डोळे वटारणं जाऊ दे. वटारून कोणाचं भलं झालंय?" आणि बटण दाबलं. चकती गेली. बाईने दीर्घ श्वास सोडला. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मी त्यांना एवढं धीट झालेलं पाहिलं नव्हतं.

मी उर्वीला मेसेज टाकला, 'आत्या खेळायला बसलीय.' बाकी काही लिहिलं नाही.

बराच वेळ काही झालं नाही. मग पडद्यावर समोर उर्वीचा तो दगडी पाठीचा अजस्र प्राणी येऊन उभा राहिला. फोन मात्र नाही. पोरगी रागात होती. तिच्या प्राण्याने आल्या आल्या गोंद्याला एक रट्टा दिला. गोंद्या अर्धमेला. शालूताईंनी पदर खोचला आणि वीजवर्षाव निवडला. पडदा पांढरा झाला, कडकडाट झाला, आणि त्या राक्षसाची ताकद सर्रकन खाली आली. मला त्यातलं काही कळत नाही, पण मीसुद्धा टाळी वाजवली.

आता पाळी उर्वीची होती. तिचा प्राणी हललाच नाही. दोघंही समोरासमोर नुसते उभे. आणि फोन वाजला.

मी सवयीने स्पीकर लावायला गेले, तर शालूताईंनी माझा हात बाजूला केला. फोन उचलून कानाला लावला. मला तरीही ऐकू आलं, इतक्या मोठ्याने पोरगी किंचाळली, "आत्याऽऽ! वापरलीस!"

"अगं, ओरडतेस कशाला?" शालूताई म्हणाल्या. "ऐकू येतंय मला. हळू बोल."

मग उर्वी बोलायला लागली असावी. असावी म्हणते, कारण मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी हातभर अंतरावर बसलेली, कान शाबूत असलेली, तिची जन्मदाती आई. शालूताई ऐकत होत्या. गेम त्यांनी उलटा करून बाजूला ठेवला. 'छान छान' म्हणाल्या नाहीत, 'जेवलीस का' म्हणाल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी एवढंच विचारलं, "मग?" आणि पुन्हा ऐकायला लागल्या.

मी हाताने खुणावलं, काय म्हणतेय? त्यांनी तळहात दाखवून मला थांबवलं. "रचना, चहा टाक जा. आमचं चाललंय."

वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? माझी पोर, आणि मलाच स्वयंपाकघरात पिटाळतात. पण मी उठले. आधण ठेवलं, साखरेचा डबा शोधला आणि कान दाराशी लावून उभी राहिले. उर्वीचा आवाज येत नव्हता. शालूताईंचा तेवढा आला.

"नाही गं बाळा, तसं नको," त्या म्हणत होत्या. "तू पहिल्यापासून सांग. कोइमतूरला उतरलीस तिथपासून. आधीचं मी काहीच ऐकलेलं नाहीये."