लाल दिव्याखाली

विजयालक्ष्मीबाई दिल्लीच्या एका रेडिओ केंद्रावर मराठी निवेदिका. शिस्तीच्या इतक्या कडक, की त्यांच्यासमोर शिपाईसुद्धा चपला काढून चालायचा! घर आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. शाळा सुटली की लेक अपूर्वा केंद्रावर यायची आणि स्टुडिओबाहेरच्या बाकावर आईची वाट बघत बसायची. ध्वनिमुद्रण सुरू झाल्याचा लाल दिवा दारावर लागला की तोंडातून ब्र काढायचा नाही, ही ताकीद. एकदा पोरगी नुसती खोकली, तर बाईंनी तिला घरापर्यंत फैलावर घेतलं. काय म्हणावं अशा आईला!

तीच अपूर्वा आता कॉलेज संपवून बसली होती. खासगी चॅनेलांचं पेव फुटलेलं, नोएडात निवेदन शिकवणारी नवी संस्था निघालेली. फी ऐकूनच वडील शशिकांतरावांनी हात टेकले. केंद्रातल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी एक शिष्यवृत्ती होती, तेवढाच आधार. "नाही मिळाली तर बँकेच्या परीक्षा दे. चलो, विषय संपला," ते म्हणाले.

त्या शिष्यवृत्तीसाठी आवाजाची चाचणी आईच्याच स्टुडिओत झाली. अपूर्वा माइकसमोर, परीक्षक पलीकडे काचेमागे, बाई बाहेर त्याच बाकावर. दारावरचा दिवा लागला, आतलाही लागला. बाहेरच्या स्पीकरवर मात्र काहीच ऐकू येईना.

"ताई, बोलत का नाही ती?" बाकाशी उभे असलेले तंत्रज्ञ गुलाबराव कुजबुजले.

बाईंनी दाराच्या काचेतून पाहिलं. पोरीचे डोळे दिव्यावर खिळलेले, ओठ घट्ट मिटलेले. लहानपणी बाकावर बसायची, अगदी तशीच! अगं बाई, हे तर मीच केलंय!

"बेटा, शुरू करो, नहीं तो अगले को बुलाना पड़ेगा," स्पीकरवर परीक्षकांचा आवाज आला.

लाल दिव्यात दार उघडणं म्हणजे केंद्रावरचं महापाप. बाईंनी ते धाडकन उघडलं. "अपू, बोल! मी सांगतेय ना, बोल!"

अपूर्वा दचकली. पहिलं वाक्य कापऱ्या आवाजात निघालं, दुसरं सावरलं, आणि मग पोरगी अशी काही वाचत सुटली की गुलाबराव मान डोलवायला लागले. दार लोटून बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

परीक्षक तणतणत बाहेर आले. "लाल बत्ती में दरवाज़ा किसने खोला?"

"मैंने, साहब. मुझे मेमो दीजिए, बच्ची को बाहर मत कीजिए."

परीक्षकांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. "पढ़ती अच्छा है. पर टेप कमिटी के पास जाएगा, उसमें आपकी आवाज़ नहीं चलेगी."

"काट दीजिए," बाई पटकन म्हणाल्या. आपल्या निवेदनातला एक शब्द कापला तरी आकाशपाताळ एक करणारी बाई ती!

शिष्यवृत्ती मिळाली. बाईंना ताकिदीचा मेमोही मिळाला. पण चाचणीच्याच दिवशी गुलाबरावांनी ब्लेडनं टेपचा तो तुकडा कापला आणि कचऱ्यात टाकायला निघाले, तर अपूर्वानं तो हातातून ओढूनच घेतला.

"हा माझा आहे काका," ती म्हणाली. "यात आईनं मला 'गप्प बस' सोडून दुसरं काही पहिल्यांदाच सांगितलंय."